वेष्टनावरचा आकडा

संगणक मध्येच थबकला, निळा पडदा दाखवून पुन्हा सुरू झाला किंवा काल जतन केलेली फाईल आज उघडेनाशी झाली, की आपल्याकडे दोनच निदाने हमखास ऐकू येतात : ‘व्हायरस शिरला’ अथवा ‘यंत्रच टाकाऊ निघाले’. आमच्या संगणक-कक्षातील दोन संगणक याच दुसऱ्या निदानावरून मोडीत काढावेत, असा विचार सध्या चालू आहे. हा विचार घाईचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या दोन्ही यंत्रांत डीडीआर-४ जातीची रॅम असून तिच्या वेष्टनावर ३६०० हा आकडा छापलेला आहे. आणि खरा घोळ बहुधा या आकड्यापाशीच आहे.

जेडेक या मानके ठरविणाऱ्या संस्थेने डीडीआर-४ ची वरची पायरी ३२०० एवढीच ठेविली आहे व विजेचा दाब १.२ व्होल्ट नेमून दिला आहे. त्यापुढील वेग मिळविण्यासाठी बायॉसमध्ये एक्सएमपी नावाची तयार मांडणी निवडावी लागते, व दाबही बहुधा १.३५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो. रॅमची पट्टी त्या वेगास उतरते हे तिच्या कारखानदाराने पाहिलेले असते, हे खरे. परंतु पट्टी एकटी धावत नाही. तिच्याशी देवघेव करणारा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटात असतो, आणि दोघांमधील वाट मदरबोर्डावरून जाते. एका बैलाची चाल पाहून जोडीची चाल कशी सांगावी ? एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचेच पाहा : डीडीआर-५ च्या दोन पट्ट्या लावल्यास ५२०० पर्यंतची ग्वाही मिळते, चार लावल्या की तीच ग्वाही ३६०० वर उतरते. पट्ट्या त्याच, प्रोसेसर तोच !

म्हणून प्रथम बायॉस मूळ मांडणीवर आणावे आणि मेमटेस्ट८६+ ही विनामूल्य चाचणी पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावी. मूळ वेगालाही चुका निघाल्या, तर वीज बंद करून एकच पट्टी ठेवावी व पुन्हा तपासावे. मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत घालावी. चूक पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा. खाचेपाशीच राहिली तर मदरबोर्डाचा किंवा प्रोसेसरच्या बैठकीचा. मूळ वेगाला एकही चूक नाही आणि ३६०० ला मात्र आहे, अशा वेळी काहीच मोडलेले नसण्याचा संभव मोठा. ३२०० वर उतरावे आणि कामाला लागावे. (खोडरबराने पट्टीचे दात घासण्याची आपल्याकडील प्रथा सर्वस्वी खुळी नव्हे, मळ निघतो, पण दातांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, हे घासणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

ऋतूचाही विचार हवा. रॅममधील प्रत्येक बिंदू हा विजेचा इवलासा रांजण होय. तो सतत झिरपतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, आणि तापमान ८५ अंशांपलीकडे गेल्यास दुप्पट वेळा. तेव्हा बडोद्याच्या पौषात उतरलेली परीक्षा वैशाखासाठी पुरेशी मानू नये.

‘पैसे ३६०० चे मोजले, मग ३२०० वर समाधान का मानावे ?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण तो खरेदीच्या वेळी, मदरबोर्डाच्या कारखानदाराची तपासलेल्या पट्ट्यांची यादी समोर ठेवून विचारावयास हवा होता. निबंध टंकण्यात किंवा गुणपत्रके तयार करण्यात या दोन वेगांतील फरक कोणाच्या लक्षातही यावयाचा नाही. उलट, साध्या संगणकातील रॅम स्वतःची चूक स्वतः पकडीत नाही. यंत्र बंद पडले तर निदान कळते तरी. एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणांतला अंक गुपचूप बदलून तसाच जतन झाला, तर तो कोणी व कसा शोधावा?

मोडीचा निर्णय होण्यापूर्वी दोन्ही यंत्रे एका शनिवारी रात्री या चाचणीवर लावावीत. शेजारी एक वही ठेवावी. तीत तारीख, वेग, खाच आणि चुकांची संख्या लिहावी, व एका वेळी एकच बदल करावा. रात्री थांबण्याची परवानगी मिळाल्यास दहावीचे चार विद्यार्थी या कामासाठी तयार आहेत.