सुळसुळाट कोणाचा?

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात अस्वलाने माणसाला जखमी केले, की ‘अस्वलांचा सुळसुळाट झाला’ असे सर्रास म्हटले जाते. खरा सुळसुळाट झाला आहे तो प्लॉटांचा. जांबोटी-चोर्ला रस्त्याला फार्म हाऊस आणि रिसॉर्टच्या पाट्या पाहाव्यात.

मुंग्या, वाळवी, मध आणि करवंद-जांभळासारखी फळे हे अस्वलाचे खाणे. माळ सपाट करताना वारुळे जातात, कुंपण घालताना करवंदीच्या जाळ्या जातात. अस्वलाची नजर अधू, पण नाक तीक्ष्ण. उघड्यावर टाकलेल्या खरकट्याचा वास त्याला वस्तीकडे ओढतो. पहाटे किंवा तिन्हीसांजेला माणूस अचानक समोर आला, की ते बिथरून अंगावर येते. प्लॉटवाला शनिवार-रविवारपुरता येतो. जखमी होतो तो गुरांमागे जाणारा आपला शेतकरी.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. पण अस्वलाला नकाशावरची हद्द कळत नाही. म्हणून रानालगतची जमीन बिगरशेती करण्यापूर्वी ग्रामसभेचे मत घ्यावे. भरपाईसाठी जखमींना हेलपाटे घालायला लावू नयेत. धोक्याचे फलक व भरपाईचे अर्ज कन्नडबरोबर मराठीतही असावेत. भाषिक अल्पसंख्याकांना महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याचे तत्त्व केंद्राने १९५६ सालीच मान्य केले आहे.

मात्र शासनाकडे बोट दाखवताना एक विसरू नये. वडिलार्जित जमीन गुंठ्या-गुंठ्याने विकणारे हात पुष्कळदा आपलेच असतात.