नावांच्या गावा : जेम्स आणि जेकब



एका वर्गात किसन आणि कान्हा अशी दोन मुलं आहेत, असं समजा. दोघांचं नाव एकच आहे, असं कुणी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण दोन्ही नावांचं मूळ एकच, कृष्ण! शेकडो वर्षं लोकांच्या तोंडी फिरता फिरता नाव झिजतं, वळतं आणि एकाची दोन नावं होतात. इंग्रजीतही अशी एक जोडी आहे, जेम्स आणि जेकब. ऐकायला किती वेगळी, पण सख्खी भावंडं बरं का! आणि गंमत म्हणजे, यांच्या गोष्टीची वाट आपल्या नाशिकच्या शरणपुरातून जाते.

आधी मूळ शोधू. मूळ नाव हिब्रू भाषेतलं, ‘याकोव्ह’. बायबलच्या जुन्या करारात एक कथा आहे. इसहाकाला जुळे मुलगे झाले. आधी एसाव जन्मला आणि त्याच्यामागून धाकटा आला तो भावाची टाच धरूनच! हिब्रूत टाचेला ‘आकेव्ह’ म्हणतात, म्हणून धाकट्याचं नाव पडलं याकोव्ह. हे नाव ग्रीक भाषेत गेलं, तिथून लॅटिनमध्ये गेलं आणि ‘याकोबुस’ झालं. पुढे काही लोकांच्या बोलण्यात ‘ब’चा ‘म’ झाला आणि ‘याकोमुस’ असंही रूप निघालं.

‘ब’चा ‘म’ कसा होईल, असं वाटतं ना? प, फ, ब, भ, म म्हणून पाहा. पाचही वेळा ओठांना ओठ टेकतात. एकाच ओळीतले शेजारी ते, जागा बदलायला कितीसा वेळ! आणि ‘य’चा ‘ज’? तो तर आपल्याकडेही होतो. यमुनेची जमुना झाली, योग्याचा जोगी झाला. तसंच ‘याकोबुस’पासून जेकब झाला आणि ‘याकोमुस’ फ्रान्समार्गे इंग्लंडात पोचेपर्यंत जेम्स झाला. 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर फ्रेंच वळणाची पुष्कळ नावं तिथे रुजली, त्यांतलंच हे एक.

पुढे हे नाव राजालाही मिळालं. 1603 साली पहिला जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला. त्याचाच वकील सर टॉमस रो 1615 साली हिंदुस्थानात आला आणि पुढे जहांगीर बादशहाच्या दरबारात गेला. या राजाच्या नाण्यांवर मात्र जेम्स नाही, लॅटिनमध्ये ‘याकोबुस’च कोरलेलं असे! भावंडं असल्याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा? आणखी एक जेम्स तर आपल्या ओळखीचाच म्हणायला हवा. पांडवलेण्यांतले शिलालेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत, ती लिपी 1837 साली उलगडणारा जेम्स प्रिन्सेप.

आपल्या मराठीत मात्र ही ताटातूट झालीच नाही. इंग्रजी बायबलमध्ये जुन्या करारात जेकब आणि नव्या करारात जेम्स असे दोघे भेटतात. मराठी बायबलमध्ये दोघेही याकोबच! याकूब हे मुसलमान बांधवांमधलं नावही त्याच घरचं.

आता शरणपूरला जाऊ. कॅनडा कॉर्नरजवळचा शरणपूर रोड नाशिककर मुलांना माहीत असेलच. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली. त्या काळी आफ्रिकेतल्या मुलामाणसांना पकडून गुलाम म्हणून विकत असत. इंग्रजांच्या आरमारानं अशी काही गलबतं अडवली आणि सुटका झालेली कितीतरी मुलं शरणपुरात आणली गेली. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांना नवी नावंही मिळाली आणि आईबापांनी ठेवलेली नावं मागे पडली. त्यांतलाच एक होता जेकब वेनराइट.

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1872 साली जेकब आणि त्याचे काही शरणपुरी सोबती आफ्रिकेत त्याच्या तुकडीत सामील झाले. त्या तुकडीत जुना साथीदार जेम्स चूमाही होता. चूमाची सुटका 1861 साली खुद्द लिव्हिंग्स्टन आणि त्याच्या सोबत्यांनी केली होती. तो शिकला मुंबईत, डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत. म्हणजे पाहा, एक जेकब नाशिकचा, एक जेम्स मुंबईचा. नाव एकच, आणि नशीबही किती सारखं!

मे 1873 मध्ये, आजच्या झांबियातल्या चितांबो गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याचं शरीर त्याच्या मायदेशी पोचवायचंच, असं सोबत्यांनी ठरवलं. सुसी आणि चूमा पुढारी झाले. लिव्हिंग्स्टनचं हृदय त्यांनी तिथेच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली जेकबनं. झाडावर नाव कोरलं जेकबनं. सामानाची यादीही त्यानंच लिहिली. शरणपुरात गिरवलेली अक्षरं त्या रानात अशी कामी आली.

मग ते दीड हजार किलोमीटरहून अधिक वाट पायी तुडवत, आजारपणं आणि अडथळे सोसत, फेब्रुवारी 1874 मध्ये समुद्रकाठी बागामोयोला पोचले. पुढे जहाजातून इंग्लंडला शवपेटीबरोबर गेला तो एकटा जेकब. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला हात देणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. सुसी आणि चूमा इंग्लंडला पोचले, तोवर अंत्यविधी उरकला होता. जेकबची डायरी आजही स्कॉटलंडमध्ये जपून ठेवली आहे.

लिव्हिंग्स्टनचं नाव पुस्तकापुस्तकांत आहे. त्याला खांद्यावर वाहून आणणाऱ्यांची नावं मात्र किती जणांच्या ओठी असतात? जेकब हे नाव त्याला परक्यांनी दिलं, पण डायरी लिहून, झाडावर अक्षरं कोरून ते त्यानं आपलं करून टाकलं.

तेव्हा मुलांनो, कुणाच्या नावाची मोडतोड करून चिडवण्याआधी थोडं थांबा. विचारा, ‘तुझं नाव कुणी ठेवलं? का ठेवलं?’ घरी आजी-आजोबांनाही विचारा, त्यांना लहानपणी काय हाक मारत, आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं. सगळं वहीत लिहून ठेवा. आईबाबांनो, तुम्हीही त्या वेळी जवळ बसा. कितीतरी नावं अशी असतात, की ती ठाऊक असलेलं माणूस घरात आता एकच उरलेलं असतं.