शब्दओळख : आउटशाइन

दहावी-बारावीचे निकाल लागले की इंग्रजी वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास दिसतो : 'गर्ल्स आउटशाइन बॉइज'. या महिन्यात आपण हेच क्रियापद पाहू.

'शाइन' म्हणजे चमकणे. त्याला 'आउट' जोडले की 'दुसऱ्यापेक्षा जास्त' हा अर्थ येतो. 'आउटरन' म्हणजे धावण्यात मागे टाकणे, 'आउटनंबर' म्हणजे संख्येने जास्त असणे. 'आउटशाइन' म्हणजे इतके चमकणे की दुसरा फिका वाटावा. उर्दूत आपण 'मांद करना' म्हणतो, तेच.

वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. 'शी आउटशाइन्स फ्रॉम ऑल' असे मुले लिहितात. इथे 'फ्रॉम' नको. 'शी आउटशाइन्स ऑल' एवढे पुरे. भूतकाळी रूप 'आउटशॉन'.

याच अर्थाने 'इक्लिप्स' हेही क्रियापद वापरतात. इक्लिप्स म्हणजे ग्रहण. दोन्ही शब्दांमागची चित्रे मात्र वेगळी आहेत. दिवसा सूर्याच्या उजेडात तारे दिसत नाहीत, पण ते विझलेले नसतात. आपल्या जागी चमकतच असतात. हे झाले आउटशाइन. सूर्यग्रहणात मात्र चंद्र मध्ये येऊन उभा राहतो. त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे 400 व्या भागाइतका, पण तो आपल्याला सुमारे 400 पट जवळ. म्हणून एवढासा चंद्र अख्खा सूर्य झाकतो.

निकालाच्या दिवशी घरात काय होते? आपाला 90 टक्के, धाकट्याला 62. आपाने त्याला आउटशाइन केले, यात कुणाचेच नुकसान नाही. पण अम्मी-अब्बूंनी उठता-बसता 'आपाकडे बघ जरा' सुरू केले, की आपाचे गुण त्या मुलाच्या आणि आपल्या मध्ये येतात. त्याचे सुंदर अक्षर, सायकल दुरुस्त करणारे हात, दादीजानची औषधे वेळेवर देण्याची सवय, काहीच दिसेनासे होते. हे ग्रहण आपाने लावलेले नसते, आपण लावलेले असते.

उर्दूत दोन शब्द आहेत. 'मलाही असे मिळावे' हा रश्क, 'तिचे जावे' हा हसद. भावंडांच्या मनात यांपैकी काय रुजेल, हे बरेचसे दस्तरखानावरच्या आपल्या बोलण्यावर ठरते. तेव्हा यंदा दोन्ही गुणपत्रिका वेगवेगळ्या वेळी, ज्याची त्याला जवळ बसवून वाचूया.