शिरपामाळ ते गिरणगाव : जमिनीची स्मृती आणि मातीची तपासणी

१/ जव्हारजवळचे शिरपामाळ. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवछत्रपतींचे जव्हारच्या विक्रमशहा राजांनी येथे स्वागत केले आणि त्यांना शिरपेच अर्पण केला, असे स्थानिक परंपरा सांगते. त्यावरूनच या माळाला हे नाव मिळाले. त्या जमिनीवर काय घडले, हे नावानेच साडेतीन शतके जपून ठेवले.

२/ आता दक्षिणेला मुंबईकडे पाहू. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीचा पाया घातला आणि १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झाले. पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी हा सारा टापू 'गिरणगाव' झाला. आज तेथील कित्येक गिरण्यांच्या नावांच्या जागी मनोऱ्यांची आणि मॉलची नावे आली आहेत. नाव पुसले की जमिनीची स्मृतीही पुसते, आणि येथे ती पुसली जाणे धोक्याचे आहे.

३/ कारण गिरणी म्हणजे केवळ सूत आणि माग नव्हे. बॉयलरची राख, इंधनतेलाच्या टाक्या, ट्रान्सफॉर्मरचे तेल, ॲस्बेस्टॉसचे पत्रे, ब्लीचिंगची क्लोरीनयुक्त रसायने, कॉस्टिक सोडा, रंगखात्यातील कृत्रिम रंग आणि क्रोमियमची संयुगे, हे सारे अशा कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. त्यातले काही सांडते, झिरपते आणि मातीत मुरते. गिरणी बंद पडल्याने ते नाहीसे होत नाही.

४/ १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर एकेक गिरणी विझत गेली आणि सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला.

५/ १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जमिनीची तीन भागांत वाटणी सांगितली : मोकळ्या जागांसाठी महापालिका, घरांसाठी म्हाडा आणि मालक. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ मोकळ्या भूभागापुरती उरली. प्रकरण न्यायालयात गेले आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला.

६/ या साऱ्या वादात एकक एकच होते, क्षेत्रफळ. कोणाला किती चौरस मीटर आणि किती चटईक्षेत्र, यावर वर्षानुवर्षे युक्तिवाद झाले. त्या चौरस मीटरखाली दोन हात खोल काय आहे, हा निकष वाटणीच्या सूत्रात नव्हता. माझ्या मते गिरणगावाच्या पुनर्विकासातील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

७/ अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहराने हा धडा महागात घेतला. लव्ह कॅनाल येथे रासायनिक कचरा पुरलेली जमीन १९५३ मध्ये कंपनीने शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. तेथे शाळा झाली, घरे झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. १९८० चा 'सुपरफंड' कायदा त्यातून आला.

८/ तपासणीची पद्धत गूढ नाही. आधी इतिहास : जुने नकाशे, परवाने, कोणते खाते कोठे होते याची माहिती. मग प्रत्यक्ष पाहणी. मग संशयित ठिकाणी छिद्रे घेऊन माती व भूजलाचे नमुने. शेवटी प्रश्न असा की दूषित द्रव्य आहे काय, ते माणसापर्यंत पोहोचण्याची वाट आहे काय, आणि तेथे राहणार कोण? वाहनतळाला जे चालेल ते मुलांच्या मैदानाला चालणार नाही.

९/ आक्षेप येतो : यामुळे खर्च वाढेल आणि कामगारांची घरे रखडतील. पण पहिल्या टप्प्याला कागद आणि माणसे एवढेच लागते, आणि माणसे फार काळ थांबणार नाहीत. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. रंगखात्याचे गटार कोठे वळत होते, टाकी कोठे पुरली होती, हे त्याला ठाऊक आहे. ते आजच लिहून घेतले पाहिजे.

१०/ शिवाय म्हाडाने गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या घरांत कामगारांचीच कुटुंबे राहतात. ज्याने आयुष्यभर कापसाची धूळ छातीत घेतली, त्याच्या नातवंडांनी अंगणातल्या मातीविषयी अंधारात का राहावे?

११/ जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची नोंद करण्याचे काम त्यांनी स्थानिक प्रशासनाकडे दिले आहे. पालघर जिल्ह्यात तारापूरसारखी मोठी औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखाने उद्या बंद पडतील तेव्हा हाच प्रश्न जव्हार-मोखाड्याच्याही दारी येईल, कारण रोजगारासाठी डोंगर उतरणारी माणसे अशाच वसाहतींच्या कडेला वस्ती करतात.

१२/ मिळकत पत्रिकेवर मालकाचे नाव दिसते, बोजाही दिसतो. मातीत मुरलेला बोजा मात्र दिसत नाही. प्रत्येक जुन्या कारखान्याच्या जमिनीची तपासणी विक्रीपूर्वी व्हावी, तिचा अहवाल मराठीत खुला असावा आणि त्याची नोंद पत्रिकेवर चढावी. शिरपामाळाची स्मृती लोकांनी नावात जपली. गिरणीच्या जमिनीची स्मृती शासनाने कागदावर जपावी.