फुकटच्या वाफेचा भ्रम

आमेरच्या किल्ल्यावर दिवस मावळल्यावर ध्वनिप्रकाशाचा खेळ सुरू होतो, तेव्हा राजस्थानातले सौरप्रकल्प थंडावलेले असतात. रात्रीचा भार मुख्यतः कोटा, छबडा, सुरतगढच्या वीजकेंद्रांतला कोळसाच उचलतो. म्हणून ‘ऊन असताना कर्बवायू पकडायची उठाठेव कशाला?’ हा आक्षेप मला मान्य नाही.

पण समर्थकांचा दावाही खोटा आहे. ते म्हणतात, केंद्रात उष्णता वाया जातेच, कर्बवायू पकडायला तीच वापरू. कूलिंग टॉवरमधून जाणारी उष्णता अफाट खरी, पण कंडेन्सरमधून निघणारे पाणी असते चाळीसेक अंशांचे. अमाईनच्या द्रावणाने शोषलेला वायू सोडवायला सुमारे 120 अंश लागतात. कोमट पाणी कितीही ओतले तरी ते होणार नाही. टनभर वायूमागे साधारण दीड टन वाफ हवी, आणि ती वीज करणाऱ्या वाफेतूनच काढावी लागते. कॅनडातल्या बाउंडरी डॅम या कोळसा केंद्राच्या तिसऱ्या संचावर 2014 साली हेच झाले. निव्वळ वीज 139 मेगावॉटवरून 110 च्या घरात आली.

मग वेगळा बॉयलर लावा, असे काही सुचवतात. टेक्सासमध्ये 2017 साली सुरू झालेल्या पेट्रा नोव्हा या कर्बवायू पकडणाऱ्या प्रकल्पाने वाफेसाठी गॅसवरचे वेगळे केंद्र उभारले होते. त्या गॅसचा धूर मात्र मोकळाच सुटत राहिला. आपल्याकडे तर स्वस्त गॅसही नाही.

माझे म्हणणे असे: वाफ मधल्या आणि कमी दाबाच्या टर्बाइनना जोडणाऱ्या नळीतूनच घ्या, घटणारी वीज उघड मांडा आणि हे काम छबड्याच्या 660 मेगावॉटच्या संचांसारख्या नव्या यंत्रांवर करा. कोट्याच्या 1983 पासूनच्या जुन्या संचांना हा बोजा झेपायचा नाही. आणखी एका अडचणीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. दुपारी सौरवीज वाढली की कोळशाचे संच 55 टक्क्यांपर्यंत उतरवतात. तेव्हा त्या नळीतला दाब पडतो आणि 120 अंश गाठणे मुश्कील होते. दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह त्या नळीत बसवावा लागतो. त्यामुळे आराखडा पूर्ण भाराचा नको, अर्ध्या भाराचा आधी करा.

एनटीपीसीने विंध्याचलला 2022 मध्ये रोज 20 टन वायू पकडणारे संयंत्र चालू केले. चांगले झाले, पण 500 मेगावॉटचा संच एवढा वायू तीनेक मिनिटांत सोडतो. इतक्या लहान प्रमाणावर वाफेची ओढाताण जाणवतच नाही. यापुढच्या प्रत्येक निविदेत वाफ कुठल्या नळीतून, किती दाबाने आणि किती मेगावॉट गमावून येणार, हे पहिल्या पानावर लिहून मागा.