एका रात्रीचा आसरा

आमच्या हिवरा आश्रमचा विवेकानंद जयंती उत्सव ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पुरी आणि वांग्याची भाजी, एवढाच महाप्रसाद. पण पंगत एवढी मोठी की वाढायला ट्रॅक्टर लागतात. आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, ओळीने बसतात, आणि शेजारी बसलेला कोणत्या जातीचा हे कोणी विचारत नाही. शुकदास महाराज २०१७ मध्ये गेले, पण पंगत थांबली नाही. आम्ही बचत गटाच्या बायका दरवर्षी हाताला पडेल ते काम करायला जातो. घरी येताना पाय दुखत असतात आणि मन भरलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी अशीच मी उत्सवाहून घरी आले. दिवेलागण होऊन गेली होती. आमच्या ओट्यावर एक बाई बसलेली, मांडीवर तीन-चार वर्षांची पोर. नवऱ्याने हाकललं, माहेरी भावजय ठेवून घेईना. प्रसादाला म्हणून आली होती आणि आता परत जायला ठिकाण नव्हतं. ‘त्या ताई निराधार बायकांचे फॉर्म भरून देतात’ असं सांगून कोणीतरी तिला माझं घर दाखवलं होतं. मी तिला चहा दिला, पोरीला दूध दिलं, डब्यातल्या पुऱ्या दिल्या. ती म्हणाली, “ताई, मले आजची रात इथंच पडू द्या. सकायी जातो मी.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. घरात वयात आलेला मुलगा, बाई अनोळखी, उद्या काही झालं तर निस्तरणार कोण? शंभराच्या दोन नोटा आणि एक जुनी चादर तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “देवळात झोप, तिथं उत्सवाच्या बायका आहेत. उद्या दहाला ये, आपण तुझा फॉर्म भरू.” सकाळी दहाला मी कागद काढून बसले. ती आली नाही. दुपारी स्टँडवर जाऊन विचारलं, कोणालाच काही माहीत नव्हतं. नंतर ती कधी दिसलीच नाही.

त्याच उन्हाळ्यात मुलीच्या पुस्तकांत पंडिता रमाबाईंवरचं एक प्रकरण हाती लागलं. मीही बी.ए. झालेली, पण आमच्या वेळी रमाबाई म्हणजे परीक्षेतली पाच मार्कांची टीप. शारदा सदन, मुक्ती मिशन, संपलं. या वेळी मात्र वाचताना सारखी ती ओट्यावरची बाई समोर येत राहिली.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून जातवाल्यांचा रोष पत्करलेले. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण अन्नान्न करून गेली. घरंदाज ब्राह्मण, मजुरी कधी केलेली नाही, हात पसरायची लाज. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि तीर्थांत संपलेलं. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे वाचले आणि पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ म्हटलं. म्हणजे भूक काय असते हे ही बाई पुस्तकात वाचून शिकली नव्हती.

पुढे दुसऱ्या जातीच्या बंगाली वकिलाशी लग्न, दोन वर्षांत वैधव्य, कडेवर मनोरमा. १८८३ मध्ये ती शिकायला इंग्लंडला गेली. तिथे लंडनमधल्या फुलहॅमला जोगिणी एक आश्रम चालवत होत्या. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत, त्यांची सेवाशुश्रूषा करत. रमाबाईंना हे नवल वाटलं. आपल्याकडे अशा बाईला दारात उभं करत नाहीत, आणि या तिला आत घेऊन जेवायला घालतात, हे कसं? त्यावर एका जोगिणीने तिला येशूची गोष्ट वाचून दाखवली. शोमरोनातली बाई भर दुपारी विहिरीवर पाण्याला आली. तिची जात यहुद्यांना न चालणारी, तिच्या संसाराची कहाणी चारचौघांत न सांगण्यासारखी. त्याने तिच्याकडेच पाणी मागितलं, आणि धर्माचं सगळ्यात खोल बोलणं तिच्याशी केलं. ज्या देशात विहिरीवरून माणसाची जात मोजली जात होती, तिथल्या बाईला ही गोष्ट कुठे जाऊन लागली असेल, याची कल्पना करा. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्या-मुंबईत गहजब झाला. महात्मा फुल्यांसारखे तिची बाजू घेणारे थोडे. पण गंमत म्हणजे ती इंग्रज धर्मगुरूंच्याही मुठीत राहिली नाही. मांसाहार केला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवी म्हणून भांडली. पुढे प्लेगच्या दिवसांत, १८९७ मध्ये, पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांची कशी आबाळ होते हे वर्तमानपत्रात लिहून तिने सरकारलाही अंगावर घेतलं. साहेबाचा धर्म घेतला म्हणून साहेबाची हांजी हांजी केली नाही.

आणि मग तो दुष्काळ. १८९६-९७ ला आपल्या वऱ्हाडाच्या शेजारच्या मध्य प्रांतात माणसं पटापट मरू लागली. रमाबाईंचं शारदा सदन तेव्हा पुण्यात चाललेलं, पैशाची तंगी कायमचीच. पण आपल्या आईबापांचं मरण तिला आठवलं. ती स्वतः तिकडे गेली आणि जवळजवळ तीनशे मुली-बायका घेऊन आली. हाडांचे सापळे, अंगावर फोड, केसांत उवा. काहींना दलालांनी नासवलेलं. पुण्यात प्लेगमुळे इतकी माणसं ठेवता येईनात, तेव्हा दौंडजवळ केडगावच्या आपल्या शेतजमिनीवर तिने त्यांची सोय केली. तेच मुक्ती मिशन. १९०० पर्यंत तिथे दीड हजारांवर मुली-बायका झाल्या होत्या.

आता आपल्या घरात दोन पाहुणे चार दिवस राहिले तर आपलं काय होतं ते आठवा!

मला सगळ्यात जास्त भिडलं ते पुढचं. तिथे कोणी नुसतं बसून खात नव्हतं. मुली लिहा-वाचायला शिकल्या, माग चालवला, शेती केली, गाई सांभाळल्या, तेलाचा घाणा चालवला. आंधळ्या मुली ब्रेल शिकल्या. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सगळं बायकांच्या हातात. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायला बसल्या, आणि ते छापलं त्याच मुलींनी. मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. केडगावची संस्था आजही आहे.

इथे एखादी मैत्रीण म्हणेल, “पण बाई, त्या पोरींना तिने ख्रिस्ती केलंच ना?” हो, केलं. सुरुवातीला शारदा सदनात धर्माची सक्ती नसेल असं ठरलेलं होतं, पण १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून वादळ उठलं. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावची संस्था तर उघडउघड ख्रिस्ती. मी तुळशीला पाणी घालणारी बाई आहे, माझा धर्म मला पुरे आहे. भुकेल्या पोरीला भाकरीबरोबर देवही दिला, तर त्या देवाला नाही म्हणायची मोकळीक तिला कितपत उरते, हा प्रश्न मलाही पडतो आणि तो रास्त आहे.

पण हा प्रश्न विचारायचा अधिकार कोणाला? मला वाटतं, धोंडो केशव कर्व्यांना होता. त्यांनी १८९३ मध्ये ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई शारदा सदनातच शिकलेल्या. रमाबाईंची वाट पटली नाही, तर त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. टीकेचं उत्तर असं असावं. आपण मात्र ओट्यावरच्या बाईला देवळात पाठवतो आणि घरात बसून धर्मांतरावर चर्चा करतो.

आमच्या गावाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगते. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकलिनमध्ये रमाबाईंच्या मदत मंडळातल्या बायका आणि स्वामी विवेकानंद यांच्यात हिंदू विधवांच्या स्थितीवरून चांगलीच जुंपली होती. स्वामीजींना वाटलं, परक्यांपुढे आपल्या धर्माची बदनामी चाललीय. त्या बायकांना वाटलं, हे दुखणं झाकतायत. मी विवेकानंदांच्या नावाच्या गावात राहते, तरी मला दोघांचंही म्हणणं समजतं. आणि गरिबात नारायण पाहा हे तर स्वामीजींनीच आपल्याला शिकवलं. मग तो नारायण रात्री आठ वाजता, काखेत पोर घेऊन, झोपायला जागा मागत आला की आपल्याला पोलीस, शेजारी आणि सासूबाई का आठवतात?

भीती खोटी नसते, हेही कबूल करते. म्हणून आम्ही गटातल्या सात जणींनी बसून ठरवलं. माझ्या घरामागची धान्याची खोली रिकामी केली. दोन गाद्या, एक बल्ब, आतून लागणारी कडी. कोणी आली तर त्याच रात्री पोलीस पाटलांना कळवायचं आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करायचा. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथवर पोचवायला आमच्यातल्या दोघींनी सोबत जायचं. रात्री सोबतीला आळीपाळीने एकीने झोपायचं. सासूबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. आजवर तिथे चौघी राहून गेल्या. एक रागावून निघून गेली. एकीने माझं स्टीलचं पातेलं नेलं. एक आज मेहकरला शिवणकाम करते. आणि चौथी, साठीची म्हातारी, एका रात्रीसाठी आली ती दीड महिना राहिली. जाताना सासूबाईच तिला लुगडं नेसवत होत्या.

चौघी म्हणजे काहीच नाही. रमाबाईंपुढे तर नाव काढू नये. पण मैत्रिणींनो, महाप्रसादाच्या पंगतीत वाढताना मला आता एक खोड लागलीय. पुढ्यातल्या प्रत्येक बाईचा चेहरा नीट बघते. तीन-चार वर्षांची ती पोर आता बरीच मोठी झाली असेल. ओळखू येणार नाही, हे माहीत असूनही बघते.

तुमच्या घरातही एखादी धान्याची खोली असेल. नसली, तर ओटा तरी असेलच.