प्रत्येक पेट्रोल पंपावर चार्जिंगची सक्ती हवी का?

हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता शाळेच्या फाटकापाशीही दिसतात. रोजच्या ये-जा करण्यापुरतं चार्जिंग रात्री घरी होतं. खरा प्रश्न लांबच्या प्रवासाचा आहे. मग प्रत्येक पेट्रोल पंपावर चार्जिंगची सोय सक्तीची करावी का? माझं मत असं की महामार्गावर करावी, सरसकट नको.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने नव्या इंधनविक्रेत्या कंपन्यांना अट घातली. पंप सुरू झाल्यापासून तीन वर्षांत सीएनजी, जैवइंधन, ईव्ही चार्जिंग अशांपैकी किमान एक सोय द्यायची. अट चांगली, पण सीएनजी दिला की ती पूर्ण होते! चार्जर येईलच असं नाही.

पेट्रोल पाच मिनिटांत भरतं. फास्ट चार्जरलासुद्धा बहुधा अर्धा-पाऊण तास लागतो. गावातल्या छोट्या पंपावर तेवढा वेळ गाड्या उभ्या करायला जागा कुठे? शिवाय मोठी वीजजोडणी घ्यावी लागते. हा खर्च एकट्या पंपमालकाच्या माथी मारणं बरोबर नाही.

७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मात्र गोष्ट वेगळी. तिथे चहापाण्यासाठी माणसं पंपावर थांबतातच. आणि बॅटरी संपली, तर पेट्रोलसारखी वीज डब्यात आणता येत नाही. तिथे सक्ती हवीच. तीही नुसता चार्जर बसवण्याची नव्हे, तो चालू ठेवण्याची. बंद यंत्रावरचा बोर्ड काय कामाचा?

मुलांना हा विषय निबंधाला देताना 'हो की नाही' एवढ्यावर थांबू नका. 'कुठे, आणि खर्च कोणाचा?' हेही लिहायला सांगा.